व्हिलन नाही, शेजारीच!

हिंदी पिक्चरमधला 'गे' म्हटलं की काय आठवतं? 'कल हो ना हो'मधली (२००३) दचकणारी कांताबेन, नाहीतर 'दोस्ताना'तलं (२००८) खोटं-खोटं कपल. थिएटरभर हशा! पण छोट्या बजेटच्या इंडिपेंडंट सिनेमात हाच विषय बघताना मला हसू येत नाही. तिथला व्हिलन कुणी गुंड नसतो. तो आपल्याच बिल्डिंगमधला वाटतो.

ओनीरचा 'माय ब्रदर निखिल' (२००५) घ्या ना. गोव्यातला चॅम्पियन स्विमर एचआयव्ही पॉझिटिव्ह निघतो. तो पूलमध्ये उतरतो आणि बाकीचे सगळे बाहेर पडतात. ना मारामारी, ना डायलॉगबाजी. आईवडीलही पाठ फिरवतात. सोबत उरतात बहीण आणि पार्टनर.

हंसल मेहतांचा 'अलीगढ' तर खऱ्या घटनेवरचा, आणि थेट मराठीशी नातं सांगणारा. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१०मध्ये काहीजण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण शूट केले. आणि सस्पेंड कोण झालं? सिरस! बरं, दिल्ली हायकोर्टाने समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल २००९मध्येच दिला होता. अलाहाबाद हायकोर्टाने त्यांच्या निलंबनाला स्थगितीही दिली. पण आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. मनोज वाजपेयीने उभे केलेले सिरस आरडाओरडा करत नाहीत. जुनी गाणी ऐकत एकटेच बसतात. तो एकटेपणा मला त्या छाप्यापेक्षा जास्त बोचला.

आणि आता आपला मराठी सिनेमा. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' २०२५मध्ये सनडान्सला ग्रँड ज्युरी प्राइझ जिंकून आला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. आईला त्याचं सगळं ठाऊक आहे, पण नातेवाईकांचं एकच टुमणं: लग्न कधी? प्रेमानेच विचारतात हो, पण त्या प्रेमाचाही फास बसतो.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. कोर्टाचं काम झालं. कॅन्टीनमधलं, सोसायटीतलं, लग्नाच्या पंगतीतलं काम मात्र आपलंच. म्हणून म्हणते, या वीकेंडला यातला एक तरी सिनेमा बघाच. आणि सोमवारी शेजारच्या क्युबिकलमधल्या पोराला 'काय मग, लाडू कधी?' विचारायच्या आधी जरा थांबा. उत्तरादाखल तो रोज एक खोटी गर्लफ्रेंड तयार करत असेल, तर?