उत्सवाचे दिवस आणि विद्यार्थ्यांचे आरोग्य



भाद्रपदात श्रींचे आगमन झाले की आपल्या बडोद्यातील मराठी घरांत उत्सवांची रांगच लागते. गणेशोत्सव, गौरी, अनंत चतुर्दशी, पितृपक्ष संपताच घटस्थापना आणि शहरभर नऊ रात्रींचा गरबा! या सर्वांत महाविद्यालयीन विद्यार्थी अग्रभागी असतात. दिवसा तास व प्रात्यक्षिके, सायंकाळी मंदिरात सेवा आणि रात्री गरबा, असा त्यांचा दिनक्रम असतो. या उत्साहाचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु एका प्रसंगाने आम्हां वडीलधाऱ्यांस विचार करावयास लावले.

गेल्या नवरात्रात पाचव्या माळेला आरतीची तयारी करीत असता एक विद्यार्थिनी भोवळ येऊन पडली. दिवसभर पाणीही न घेता ती रात्री एकदाच फराळ करीत होती, गरब्याहून परतून दीड वाजता झोपत होती आणि सकाळी पहिल्या तासाला हजर राहत होती. डॉक्टरांनी सलाईन लावल्यावर ती सावरली. खेदाची गोष्ट ही की, 'केवढी निष्ठा!' म्हणून चारचौघांत तिचे कौतुक आम्हीच केले होते.

वास्तविक आपल्या धर्माने अतिरेक कधीच सांगितलेला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, अति झोपणाऱ्यास आणि सतत जागणाऱ्यास योग साधत नाही, असे भगवंतांनी स्पष्ट म्हटले आहे. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

उपवास : साबुदाण्यात मुख्यतः पिष्ट असते, प्रथिने नाममात्र. त्यामुळे केवळ खिचडीवर नऊ दिवस काढू नयेत. दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा व फळे यांची जोड द्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपवास करूच नये.

पाणी : गरब्यात घामावाटे पाणी व मीठ दोन्ही जातात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून ते घोट घोट घ्यावे. उपवासास सैंधव चालते. नाचता नाचता एकदम थांबू नये. रक्त पायांत साठून भोवळ येते. थोडा वेळ सावकाश चालावे. कोणी बेशुद्ध पडल्यास त्यास आडवे निजवून पाय उंच करावेत, तोंडात पाणी ओतू नये. छातीत दुखत असल्यास किंवा मिनिटभरात शुद्ध न आल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. श्वास थांबल्यासारखा वाटल्यास त्याच क्षणी करावा.

झोप : अठरा ते पंचवीस वयात रोज ७ ते ९ तास झोप लागते. रात्री उशीर होणार असेल तर दुपारी अर्धा तास विश्रांती घ्यावी आणि सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. सर्वांत मोठा धोका परतीच्या वाटेवर असतो. पेंगुळलेल्या अवस्थेत दुचाकी चालवू नये, हेल्मेट घालावेच. घरून कोणी न्यावयास येईपर्यंत थांबण्यात कसलाही कमीपणा नाही.

ताप : पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूचे दिवस असतात. 'दगदगीने अंग तापले' असे समजून ताप अंगावर काढू नये. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानेच घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्ततपासणी करून घ्यावी. घरातील कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या व पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत.

यंदा विश्वस्त मंडळाने काही बदल केले आहेत. कोणत्याही विद्यार्थी स्वयंसेवकास लागोपाठ दोन रात्री उशिराची सेवा दिली जाणार नाही. सभामंडपात लिंबू-सरबताची सोय राहील. परीक्षा असणाऱ्यांनी निःसंकोच सुट्टी मागावी; त्यांचे नाव सेवेच्या यादीतून वगळले जाणार नाही. ज्येष्ठांनाही नम्र विनंती की, मुलांच्या उपाशीपणाचे कौतुक करण्यापूर्वी 'जेवलास का, झोपलीस का?' एवढे अवश्य विचारावे.

सेवा करणारे शरीर निरोगी राहिले तरच पुढील वर्षी सेवा घडेल. सर्व विद्यार्थ्यांस उत्तम आरोग्य व यश लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ