राज्यांची सोयरीक : वाकाटक आणि गुप्त

मानोरा तालुका म्हटला की पोहरादेवी आठवते; बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांचं स्थान. याच मुलखाच्या पश्चिमेला वाशिम आहे. चौथ्या-पाचव्या शतकात ते वत्सगुल्म नावाने वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी होतं. थोरली शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला नांदत होती. दोन राज्यांची मैत्री कशी जुळते आणि कशी विरते, हे पाहायला वैदर्भीयांना परदेशी जायला नको.

मगधाच्या गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताला माळवा-गुजरातच्या शक क्षत्रपांवर चालून जायचं होतं. त्या वाटेच्या दक्षिण अंगाला वाकाटक होते. ते उलटले तर मोहीमच धोक्यात, पाठीशी राहिले तर चंद्रगुप्त निर्धास्त. विन्सेंट स्मिथ यांनी शंभर वर्षांपूर्वीच हा भूगोल दाखवून दिला होता. चंद्रगुप्ताने कुबेरनागेपासून झालेली आपली मुलगी प्रभावतीगुप्ता नंदिवर्धनच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. वाकाटकांना ही रीत नवी नव्हती. पहिल्या प्रवरसेनाने भारशिव घराण्याच्या राजा भवनागाची मुलगी सून करून आणली होती, आणि त्या व्याह्याचं नाव थोरल्या शाखेच्या ताम्रपटांत पिढ्यानपिढ्या मानाने कोरलं गेलं.

रुद्रसेन अकाली गेला. मुलं लहान. कारभार प्रभावतीने हाती घेतला आणि तो खमकेपणाने चालवला. पुण्यात एका तांबटाकडे मिळालेला तिचा ताम्रपट या मैत्रीचा सर्वांत बोलका कागद आहे. दान नंदिवर्धनहून दिलेलं, मुद्रेवर युवराजाची आई म्हणून तिची आज्ञा. पण वंशावळ मात्र गुप्तांची! वडील ‘महाराजाधिराज’, नवरा नुसता ‘महाराज’. गोत्रही तिने माहेरचं धारण सांगितलं, सासरचं विष्णुवृद्ध नव्हे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा दुसरा ताम्रपट मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर असतानाचा, त्याच्या 19 व्या राज्यवर्षातला. तोही माहेरचीच वंशावळ सांगतो. मैत्री खरी होती, पण बरोबरीची नव्हती, हे या पत्र्यांवरून स्पष्ट दिसतं.

तरीही विदर्भ कोणाच्या सावलीत मिंधा राहिला नाही. याच प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ हे महाकाव्य प्राकृतात रचलं. वत्सगुल्मच्या सर्वसेनाने त्याआधीच ‘हरिविजय’ लिहिलं होतं, तेही प्राकृतात. प्रवरसेनाचा मुलगा नरेंद्रसेन याने कुंतलाच्या राजघराण्यातली अज्झितभट्टारिका राणी म्हणून आणली, म्हणजे सोयरिकीचं तोंड आता दक्षिणेकडे वळलं. मेकल, कोसल आणि माळव्याचे राजे त्याची आज्ञा मानतात, असं त्याच्या मुलाच्या बालाघाट ताम्रपटात लिहिलं आहे. माळवा तर गुप्तांच्या सत्तेतला. प्रभावतीच्या नातवाच्या काळात जुन्या मैत्रीला तडा गेला होता, एवढं यावरून म्हणता येतं.

वत्सगुल्मची शाखा तर फार काळ अंधारातच होती. 1939 मध्ये वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, त्याच्या 37 व्या राज्यवर्षातला. त्याच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यातल्या शिलालेखातलं पुसट नाव ‘सर्वसेन’ असं वाचलं, आणि या घराण्याचा धागा जुळला. हे लेणं वत्सगुल्मच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवलं.

वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्याचा लेख मात्र थोडं थांबून वाचावा असा आहे. शक 380, म्हणजे इ. स. 457-58. वत्सगुल्मचा राजा देवसेन याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने एक तलाव बांधवला आणि त्याला नाव दिलं सुदर्शन. त्याच्या अवघी एक-दोन वर्षं आधी गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने गिरनारचा फुटलेला बांध पुन्हा घातला होता. त्या सरोवराचंही नाव सुदर्शनच. बोराळ्याच्या लेखात गुप्तांचा उल्लेख नाही, त्यामुळे याला मैत्रीचा पुरावा म्हणता येणार नाही. पण पाणी अडवण्याची कीर्ती मुलूख ओलांडून वत्सगुल्मपर्यंत पोचली असावी, असं मानायला जागा आहे.

गुप्तांचा धडा प्रत्येक शाळेत शिकवला जातो, आणि त्यात प्रभावती बहुधा ‘चंद्रगुप्ताची मुलगी’ म्हणून एका ओळीत येऊन जाते. मानोरा-वाशिमच्या शिक्षकांनी तो धडा घेताना वाशिमचा ताम्रपट आणि बोराळ्याचा लेख वर्गात आणावा, आणि ही मैत्री विदर्भाच्या बाजूनेही मुलांना सांगावी.