११ मिनिटांच्या लढतीसाठी किती धावायचं?

बॉक्सिंग क्लबात नवीन आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "सर, सकाळी किती पळू?" बऱ्याच ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं: रोज पाच किलोमीटर. ही प्रथा कुठल्या लढतींतून आली, हे आधी पाहू.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जागतिक किताबाची लढत एके काळी १५ राउंडची असे. राउंड तीन मिनिटांचा आणि दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट विश्रांती, म्हणजे पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत ५९ मिनिटं. रॉकी मार्सियानो आणि महंमद अली यांच्या काळातलं पहाटेचं 'रोडवर्क' या ५९ मिनिटांसाठी होतं. अली तर लष्करी बूट घालून पळायचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी १४व्या राउंडपर्यंत लढलेला कोरियाचा किम डुक-कू दगावला आणि त्यानंतर हळूहळू १५ राउंड जाऊन १२ आले. ती लढतही ४७ मिनिटांची. आपल्याकडे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत प्रौढ गटाची लढत मात्र तीन राउंडची असते. विश्रांती धरून सगळा कारभार ११ मिनिटांत आटोपतो.

मग धावायचं कशाला? कारण या ११ मिनिटांतही दम लागतोच, आणि तो दोन प्रकारचा असतो. सात-आठ ठोशांची एक सरबत्ती काही सेकंदांत संपते. तिला लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच साठलेली असते, ती प्राणवायूची वाट बघत बसत नाही. तो साठा पुन्हा भरायचा तर मात्र प्राणवायूच लागतो. पहिल्या राउंडला सगळेच वेगवान दिसतात. तिसऱ्या राउंडला हात खाली आलेला बॉक्सर बघा, त्याची ताकद कुठे गेलेली नसते, साठा भरण्याचा वेग कमी पडलेला असतो. हा वेग वाढवायला सावकाश, लांब धावणं उपयोगी पडतं. धाप लागलेली असताना डोकं आणि पाय चालू ठेवायचे तर तीन-तीन मिनिटांचं जोरदार धावणं हवं. दोन्ही लागतात. रोज मधल्याच वेगाने पाच किलोमीटर पळणाऱ्याला यातलं धड एकही मिळत नाही, वर शुक्रवारी पाय जड होतात ते वेगळंच.

शुक्रवार म्हटलं, कारण आठवडा आखायची सुरुवात स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या दिवसापासून करायची. समजा, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तुम्ही सोमवार, बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळी क्लबात जाता आणि स्पारिंग शुक्रवारी असतं. तर गुरुवारी जोरात पळायचं नाही. विश्रांती, किंवा फार तर वीस-पंचवीस मिनिटं अगदी हलकं. थकलेल्या पायांनी रिंगमध्ये उतरलं की पाय जागेवर राहतात, आणि पाय जागेवर राहिले की डोक्याला ठोसे बसतात. धावण्याचा हव्यास इथे थेट अंगाशी येतो. जोरदार धावणं मंगळवारी सकाळी ठेवा, स्पारिंगपासून सगळ्यात लांब. सावकाश धावणं शनिवारी. रविवारी काही नाही. सोमवारी आणि बुधवारी बॅग, पॅड, तंत्र हेच पुरे. तुमच्या क्लबात स्पारिंग दुसऱ्या दिवशी असेल तर सगळा आराखडा तितका सरकवायचा. बॉक्सिंग आणि जोरदार धावणं एकाच दिवशी आलं, तर मध्ये निदान सहा तास जाऊ द्या. क्लासला जायच्या अर्धा तास आधी पळून घाम गाळणं म्हणजे कोचनी शिकवलेलं अर्धं वाया घालवणं.

मंगळवारची सकाळ जरा जवळून पाहू. जागा मातीची असलेली बरी: शाळेचं मैदान, मुंबईत शिवाजी पार्क, पुण्यात तळजाई. दहा मिनिटं हळू पळून अंग गरम करा, मग गुडघे उचलत दोन-चार छोट्या धावा. आता घड्याळ लावून तीन मिनिटं पळायचं. वेग असा, की तिसऱ्या मिनिटाला बोलणं अशक्य व्हावं, पण पाय फाकू नयेत. निघताना एक खूण करा आणि तीन मिनिटं संपतील तिथे दुसरी. दगड चालेल, पाण्याची बाटली चालेल. मग एक मिनिट तिथेच चाला. कमरेत वाकून गुडघ्यांवर हात टेकायचे नाहीत. कॉर्नरमधल्या स्टुलावर बसल्यासारखा श्वास नाकाने आत आणि तोंडाने बाहेर. पुन्हा त्याच खुणेपासून उलट दिशेने तीन मिनिटं. सुरुवातीला असे तीन राउंड, पुढे चार, शेवटी पाच. क्लबातला बऱ्यापैकी तयार बॉक्सर तीन मिनिटांत सहाशे ते साडेसातशे मीटर जातो. पण आकड्यापेक्षा खूण महत्त्वाची. शेवटच्या राउंडलाही पलीकडच्या खुणेपाशी पोचलात तर वेग बरोबर होता. शंभर मीटर आधीच थांबावं लागलं तर पहिल्या राउंडला हिरोगिरी झाली, आणि रिंगमध्येही तुम्ही हेच करता, यावर पैज लावायला हरकत नाही.

शेवटचा राउंड संपताच मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजा. मिनिटभराने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. आठवड्यांमागून आठवडे गेले की या मिनिटात नाडी जास्त खाली येऊ लागते. कॉर्नरमध्ये तुमच्या हाती तेवढंच एक मिनिट असतं, म्हणून मला हा आकडा किलोमीटरपेक्षा मोलाचा वाटतो.

शनिवारचं धावणं याच्या अगदी उलट. चाळीस मिनिटं, सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं सावकाश. तरुण पोरांना हेच जमत नाही. कुणी मागून पुढे गेलं की लगेच शर्यत. हळू पळण्यात कमीपणा वाटत असेल तर टेकडीवर एकटे जा. मात्र शुक्रवारच्या स्पारिंगनंतर डोकं दुखत असेल, गरगरत किंवा मळमळत असेल, तर शनिवारी पळणं बंद आणि डॉक्टरांकडे जाणं सुरू. यात 'बघू, कमी होईल' चालत नाही.

टेकडीवरून आठवलं: लढतीला अजून आठ-दहा आठवडे असतील तर एखाद्या मंगळवारी मैदानाऐवजी चढ घ्या. दहा-बारा सेकंद सर्व ताकदीने वर, चालत खाली, दम पूर्ण परत आल्यावर पुन्हा. असं सहा ते आठ वेळा. ठोशाचा जोर जमिनीपासून, पायांतून वर येतो आणि चढ त्याच पायांना कामाला लावतो. सपाटीपेक्षा चढावर आदळआपटही कमी होते.

पळता पळता हवेत ठोसे मारायची हौस १९७६च्या 'रॉकी'पासून जगभर आहे. दिसायला झकास, पण त्याने खांदे आखडतात आणि वेगही पडतो. शॅडो बॉक्सिंग वेगळं करा, धावणं वेगळं.

आता पायांबद्दल. क्लबात रोज दोरीवर शेकडो उड्या होतात, त्या पोटऱ्या आणि नडग्यांच्या खात्यात आधीच जमा असतात. त्यावर एकदम धावणं चढवलं की नडगी कुरकुरते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे फक्त शनिवारचं धावणं ठेवा, तेही वीस मिनिटांपासून, मंगळवार त्यानंतर. नडगी सगळीकडे दुखत असेल तर धावणं कमी करून भागतं. पण एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. थांबा आणि दाखवा. बॉक्सिंगच्या बुटांचा तळ पातळ असतो, ते घालून रस्त्यावर पळू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सहाच्या आत मैदान गाठावं.

लढतीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत धावणं निम्म्यावर आणायचं. मंगळवारचा वेग तोच, राउंड दोनच. शेवटचे दोन-तीन दिवस पाय मोकळे करण्यापुरतं.

याच दिवसांत एक जुनी खोड डोकं वर काढते. वजन उतरत नाही म्हणून अंगावर प्लॅस्टिक किंवा रबरी सूट, त्यावर स्वेटर, आणि पाणी बंद ठेवून भर दुपारी धावणं. त्यात चरबी जात नाही, फक्त पाणी जातं. घाम वाळत नाही आणि शरीर आतून तापत राहतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच प्रकारे वजन उतरवताना मरण पावले. तिघांनीही घाम बाहेर न जाऊ देणारे सूट घातले होते, आणि तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत त्यानंतर त्या सूटांवर बंदी आली. तुमच्या मुलाला कुणी असा सूट घालून पळायला सांगत असेल, तर त्या क्लबातून त्याला काढा. वजन दोन किलोने जास्त असेल तर ते आठ आठवडे आधी कोचना सांगा. तेवढ्या वेळात ताटातून ते आरामात उतरतं.