चार म्हणजे चार बिट

नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत शिका की लातूरच्या बिडवे महाविद्यालयात, इलेक्ट्रॉनिक्सची बहुतेक मुलं सी भाषा शिकून मगच व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णन भाषेकडे येतात. सीच्या सवयीही सोबत येतात, आणि साधा आकडा लिहितानाच घोळ होतो. (कोड रोमन लिपीतच लिहायचा, इथे तो उच्चाराप्रमाणे दिला आहे.)

गैरसमज : ४'डी२० मधला ४ म्हणजे अंकांची संख्या.
वस्तुस्थिती : ते बिट आहेत, पुढचा आकडा दशमान (डी) असो की षोडशमान (एच). चार बिटांत १५ पर्यंतच मावतं. २० म्हणजे बायनरीत १०१००. डावीकडचा १ गळतो आणि हाती उरतात ४. टूल फार तर वॉर्निंग देतं, अडवत नाही.

गैरसमज : आकार लिहिला नाही तर टूल गरजेपुरते बिट घेतं.
वस्तुस्थिती : किमान ३२ बिट धरले जातात. नुसता १२ साइन्ड असतो, पण 'डी१२ लिहिलं की तोच अनसाइन्ड. म्हणून उणे १२ भागिले ३ चं उत्तर उणे ४ येतं, तर उणे 'डी१२ भागिले ३ चं ३२ बिटांत १४३१६५५७६१! साइन्ड हवा असेल तर पायाच्या अक्षराआधी एस लावायचा; ही सोय २००१च्या मानकात आली.

सीमध्ये ०१० म्हणजे आठ. व्हेरिलॉगमध्ये सरळ दहा. ८'बी१ ने (बी म्हणजे बायनरी) आठही बिट १ होत नाहीत, फक्त शेवटचा होतो. ८'बीएक्सने मात्र आठही बिट एक्स, म्हणजे अज्ञात, होतात. ही विसंगती मला कधीच पटली नाही.

गैरसमज : स्ट्रिंगच्या शेवटी सीसारखं शून्य असतं.
वस्तुस्थिती : प्रत्येक रोमन अक्षराला ८ बिट, बाकी काही नाही. स्ट्रिंग ही एक लांबलचक संख्याच. रोमन स्पेलिंगमध्ये लातूरला पाच अक्षरं, म्हणजे ४० बिट. नांदेडला सहा, म्हणजे ४८. लातूरच्या ४० बिटांत नांदेड भरलं तर कात्री शेवटी नव्हे, सुरुवातीला लागते : पहिला एन जातो, उरतं ए-एन-डी-ई-डी. उलट ४८ बिटांत लातूर ठेवलं तर डावीकडे आठ शून्यं येतात.

व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर-वर्णन भाषेत मात्र एकेरी अवतरणातला १ हा एक बिट, दुहेरीतला वेक्टर, बिनअवतरणाचा पूर्णांक. अदलाबदल केली की कंपायलर तिथेच अडवतो. नवशिक्यांसाठी हा खडूसपणाच बरा.

सिम्युलेशन चाललं म्हणून जर्नल सहीला नेण्याआधी वॉर्निंगच्या यादीत 'ट्रंकेट' शब्द आहे का, तेवढं बघा.