वीज गेली तर हात कुठे जाईल?

पुण्यात २००८ साली एबीयू रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची रोबो-स्पर्धा भरली, तेव्हा वेगवेगळ्या देशांतले संघ आपापले रोबो घेऊन आले होते ते दहीहंडीवर बेतलेला खेळ खेळायला. २०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्याला आली. त्या वेळी ‘पालक’ रोबोने ‘बाळ’ रोबोला उचलून सी-सॉवर, झोपाळ्यावर न्यायचे होते. २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी मांडली गेली. खेळ दर वर्षी नवा, पण पकडायचे, उचलायचे आणि नेमक्या क्षणी सोडायचे, हे काम काही चुकत नाही. ते करायला मोटर असतेच, पण अनेक संघांचा भरवसा असतो दाबलेल्या हवेवर.

त्याला कारण आहे. २० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरमध्ये ६ बार दाबाची हवा सोडली, की पिस्टन सुमारे १९ किलोच्या जोराने पुढे सरकतो. एवढा जोर इतक्या चटकन द्यायचा तर मोटर आणि गिअरबॉक्स बरेच जड होतात. शिवाय अडकलेली मोटर तापून जळते. अडकलेला पिस्टन नुसता रेटत उभा राहतो, अडथळा सरला की पुढे जातो.

रोबोकॉनच्या नियमांत दाबाची मर्यादा ६ बार आहे. हवा साठवायला मात्र खास टाकीच हवी असे नाही. नीट तयार केलेली, ओरखडा नसलेली प्लॅस्टिकची बाटलीही चालते. म्हणून कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या रोबोच्या सांगाड्यावर बांधलेल्या दिसतात. सामना बहुतेकदा तीन मिनिटांचा, त्यामुळे हवेचा हिशेब आधीच मांडावा लागतो. सिलिंडरकडे जाणारा दाब ठरवणारा रेग्युलेटर ४ बारला लावला, तर ६ बारपर्यंत भरलेल्या अशा एका बाटलीतून साधारण ४ लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबाला मोजलेली, हवा कामाला येते. २० मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर धावेचा सिलिंडर दर धावेला त्यातली दीडशे मिलिलिटरहून थोडी जास्त हवा खातो. म्हणजे एका बाटलीत जेमतेम पंचवीस धावा, त्याही नळ्यांतली हवा आणि गळती न धरता. सामन्याआधी सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधतात, ते यासाठीच.

हवेला वाट दाखवतो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. ‘फाइव्ह-टू’ व्हॉल्व्ह म्हणजे पाच तोंडे आणि दोन स्थिती. कॉइलमधून वीज वाहिली की आतला स्पूल, म्हणजे वाट बदलणारा दांडा, सरकतो. सिलिंडरच्या एका बाजूला हवा भरते, दुसऱ्या बाजूची बाहेर पडते. मायक्रोकंट्रोलरची पिन काही मिलिअँपिअरच देते, तर २४ व्होल्टच्या कॉइलला शंभर-दोनशे मिलिअँपिअर लागतात. म्हणून मध्ये स्विचचे काम करणारा मॉस्फेट किंवा रिले. कॉइलला उलटा डायोड जोडला नाही, तर बंद होताना उसळलेला व्होल्टेज मॉस्फेट जाळतो, नाहीतर कंट्रोलरच रीसेट करतो. मग रोबो मैदानाच्या मधोमध का थबकला, याचा शोध प्रोग्रॅमच्या ओळींत घेतला जातो आणि दोष निघतो काही पैशांच्या डायोडचा.

खरी निवड मात्र एक कॉइल की दोन, ही आहे. एका कॉइलचा व्हॉल्व्ह दारावरच्या घंटीच्या बटणासारखा: दाबून धरला तोवरच काम, सोडला की स्प्रिंग त्याला मागे आणते. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह शेवटचा हुकूम लक्षात ठेवतो, वीज गेली तरी जागचा हलत नाही. रोबोवर लाल इमर्जन्सी बटण सक्तीचे असते. ते दाबले की वीज तुटते, हवा नाही. बाटलीत दाब तसाच असतो आणि एका कॉइलचे सगळे व्हॉल्व्ह त्याच क्षणी स्प्रिंगच्या बाजूला पलटतात. त्या बाजूला ‘पकड उघडी’ असेल, तर उचललेली वस्तू खाली. ‘हात पुढे’ असेल, तर बटण दाबायला वाकलेल्या मुलाच्या अंगावर फटका. ‘फाइव्ह-थ्री’ व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत सगळी तोंडे बंद करून हात अधांतरी थांबवतो, पण गळतीमुळे तोही हळूहळू सरकतो. म्हणून रोबोला हात लावण्याआधी हवा सोडून देणारा हाताचा कॉक जवळच असावा लागतो.

व्हॅक्यूमच्या पकडीचे गणित वेगळे. सक्शन कप वस्तूला ओढत नाही; बाहेरची हवा वस्तूला कपावर दाबून धरते. ४० मिलिमीटर व्यासाच्या कपात ६० किलोपास्कलचा उणा दाब असेल, तर कागदावर साडेसात किलो उचलले जातात. प्रत्यक्षात आडव्या पृष्ठभागाला निम्मा आणि उभ्याला चौथाईच जोर धरतात. पुण्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी, तेवढी पकडही ढिली.

व्हॅक्यूम तयार करायला इजेक्टर सुटसुटीत: वेगाने जाणारी हवा बाजूची हवा खेचून नेते, फिरता भाग एकही नाही. पण एक मिलिमीटर नोझलचा इजेक्टर ४ बारला मिनिटाला पंचेचाळीस-पन्नास लिटर हवा पितो. बाटलीतले चार लिटर पाच सेकंदांत संपतात. म्हणून बाटलीवर चालणाऱ्या रोबोला विजेचा छोटा डायफ्रॅम पंप परवडतो. पंप बंद पडला तरी पकड काही क्षण टिकावी यासाठी हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतात. तो लावला, की पंप बंद करून वस्तू सुटत नाही. कपात हवा शिरू देणारा वेगळा व्हॉल्व्ह उघडावा लागतो. वस्तू खरोखर धरली गेली का, हे व्हॅक्यूम स्विच सांगतो. तो नसेल, तर रोबो रिकामा कप घेऊन ऐटीत पुढे निघतो.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांतही हेच व्हॉल्व्ह आणि हेच कप खोकी उचलतात. तिथे नोकरीला लागणाऱ्या मुलाला सिलिंडर पुढे-मागे करता येणे ही फारशी मोठी गोष्ट नाही. प्रत्येक व्हॉल्व्हसमोर ‘वीज आहे’, ‘वीज नाही’, ‘हवा नाही’ असे तीन रकाने आखून, त्या त्या वेळी हात कुठे असेल हे यंत्र जोडण्याआधी लिहून काढणे, ही मोठी गोष्ट. स्पर्धेत रिकामा राहिलेला रकाना गुण घालवतो. कारखान्यात तो कुणाची तरी बोटे घालवू शकतो.