माशीसाठी ‘एक्झिट’ ठेवलीय का?

रविवारची सकाळ. आठवडाभर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, बँकेत किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या ऑफिसात की-बोर्ड बडवून झालाय. आज निवांत. पार्सल आणलेली मिसळ ताटात ओतलीय, कट वेगळा वाटीत, पाव दोन एक्स्ट्रा. आणि तेवढ्यात ती येते. एकटीच. शेवेवर बसते, लिंबाच्या फोडीवर बसते, मग तुमच्या मनगटावर. हात उगारला की गायब. झाला संडेचा सत्यानाश!

बरं, घरात जाळ्या नाहीत असं नाही. फ्लॅट घेतला तेव्हाच स्लायडिंगच्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये जाळी बसवून घेतलेली असते. भाड्याचं घर असेल तर वेल्क्रोवाली नायलॉनची. मग ही आली कुठून? सोपं आहे. दारातून. दूधवाला आला, कुरिअरवाला आला, शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यांच्याबरोबर बाईसाहेबही आल्या. आता त्यांना जायचंय, तुम्हालाही त्या जायला हव्या आहेत, दोन्ही पार्ट्यांचं एकमत आहे. तरी काम अडलंय. कारण जी जाळी तिला बाहेर ठेवायला लावली, तीच आता तिला आत कोंडून ठेवतेय.

खरंतर माशीने तिच्या बाजूने प्रयत्न केलेला असतो. दिवसा माशी उजेडाकडे जाते. खिडकीवर येते, जाळीवर बसते आणि उभ्या पृष्ठभागावर बसली की चालत वर वर सरकते. वरच्या चौकटीला जाऊन थडकते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर. काच असेल तर आणखी वाईट, कारण काच तिला दिसतच नाही. तुमच्या खिडकीचा ट्रॅक एकदा नीट बघा. जाळी आणि काचेच्या मधल्या खाचेत वाळलेल्या माश्यांचा ढीग दिसेल. त्या सगळ्या बाहेर जायलाच निघालेल्या होत्या!

म्हणजे माशीला हाकलायची गरजच नाही. ती ज्या वाटेने निघालीय, त्या वाटेच्या शेवटी फक्त एक दार हवं. तेही असं, की आतून बाहेर जाता येईल पण बाहेरून आत येता येणार नाही. वन-वे! (कोल्हापुरातले वन-वे कसे पाळले जातात ते विसरा. माश्या आपल्यापेक्षा शिस्तीच्या आहेत.)

नरसाळ्याची गंमत

हे दार म्हणजे एक नरसाळं. जाळीच्याच तुकड्याचं. खिडकीच्या जाळीत अगदी वरच्या कडेला एक गोल भोक पाडायचं आणि त्यावर हे नरसाळं बसवायचं. रुंद तोंड घराच्या बाजूला, निमुळतं टोक बाहेर. टोकाला साधारण ८ मिलिमीटरचं भोक. घरमाशी लांबीला ६-७ मिलिमीटर असते आणि रुंदीला त्याहून बरीच कमी, त्यामुळे ती आरामात जाते. आतली माशी जाळीवरून चढत चढत रुंद तोंडात शिरते, उजेडाच्या दिशेने पुढे सरकते आणि टोकातून बाहेर पडते. बाहेरची माशी मिसळीच्या वासाने परत आली तरी ती नरसाळ्याच्या कडेला नाहीतर जाळीवर बसते. वास तर सगळ्या जाळीतून येतोय, हवेत तरंगणारं ते एवढंसं भोक तिला सापडणार कसं?

नदीत मासे धरायचा बांबूचा पिंजरा पाहिला असेल, त्याचं तोंडही असंच आत निमुळतं होत जातं. तत्त्व तेच, फक्त हेतू उलटा. तिथे आत घ्यायचं असतं, इथे बाहेर घालवायचं.

ही आयडिया सगळ्यात मन लावून वापरली ती मधमाशीवाल्यांनी. मध काढायच्या खोलीत फ्रेमबरोबर मधमाश्याही येतात, आणि त्यांना मारून कसं चालेल? त्या तर कामगार! मग तिथे खिडकीची जाळी बाहेरून ठोकायची, ती खिडकीच्या वर वीतभर वाढवायची आणि वरच्या कडेला भिंत आणि जाळीमध्ये माशी जाईल एवढीच फट ठेवायची, अशी जुनी रीत आहे. माश्या चढतात, फटीतून निघून जातात. परतणाऱ्या मात्र खिडकीसमोर घिरट्या घालत राहतात, वीतभर वर जाऊन भिंतीलगत शोधायचं त्यांना सुचत नाही. मधाच्या पेटीतून माश्या एकाच दिशेने बाहेर काढणारं ‘पोर्टर बी एस्केप’ नावाचं छोटंसं पत्र्याचं यंत्र अमेरिकेत १८९१ मध्ये आलं, आणि त्याच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या आवृत्त्या आजही विकल्या जातात. आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. वीकएंडला तिकडे गेलात तर नुसती मधाची बाटली घेऊन परतू नका, पेट्यांची ही भानगडही विचारून घ्या.

घरातल्या माश्यांसाठी हेच तत्त्व वापरणारे उद्योगीही कमी नव्हते. अमेरिकेतल्या क्लार्क युनिव्हर्सिटीत शिकवणारे क्लिफ्टन हॉज यांनी खिडकीतच बसणारा सापळा तयार केला होता. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्हीकडची माशी त्यात अडकायची. १९१६ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने माश्यांच्या सापळ्यांवर एक पुस्तिकाच काढली, एफ. सी. बिशप यांची. त्यात हॉजचा सापळा आहे आणि नरसाळ्याचे वेगवेगळे प्रकारही आहेत. शंभर वर्षं उलटली, पण माशीचं डोकं अपग्रेड झालेलं नाही. त्यामुळे डिझाइनही जुनं झालेलं नाही.

आणि जाळी स्वतः? ती तर चाळणीची बहीण. कनेक्टिकटमधली गिल्बर्ट अँड बेनेट ही कंपनी चाळण्यांसाठी तारेची जाळी विणायची. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतलं गिऱ्हाईक तुटलं, माल पडून राहिला. मग तीच जाळी रंग मारून खिडक्यांसाठी विकायला काढली! पुढे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात दाखवला, आणि १९०० मध्ये लुइगी सांबोन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत जाळी लावलेल्या झोपडीत मलेरियाचा अख्खा सीझन राहून ठणठणीत बाहेर आले. तिथून जाळी ही चैन राहिली नाही, औषध झाली.

आपल्याकडे मात्र आजीच्या काळात जाळी माणसांना नव्हती, अन्नाला होती. दूध-दही जाळीच्या कपाटात, भाकऱ्यांची बुट्टी झाकलेली, लोणी शिंकाळ्यात. घर उघडंच. कौलं आणि भिंतीमध्ये हातभर फट, स्वयंपाकघरात एखादं काचेचं कौल. माशी यायची, फिरायची, वरच्या उजेडाकडे जायची आणि फटीतून निघून जायची. घरालाच एक्झिट होती! आता आपण स्वतः कपाटात राहतो आणि पिझ्झाचा बॉक्स टीपॉयवर उघडा.

एवढं काय त्या माशीचं?

आहे ना! माशी चव पायाने घेते. आधी जिथे बसली होती, तिथलं सगळं पायाला, अंगाला घेऊन ती तुमच्या ताटात येते. वर घट्ट पदार्थ खाता येत नाही म्हणून त्यावर थुंकून तो विरघळवते. १९८८ च्या सुमारास इस्रायली लष्करी तळांवर एक प्रयोग झाला. मुख्यतः सापळे लावून माश्या ६४ टक्क्यांनी कमी केल्या, तर शिगेला या जंतूमुळे होणाऱ्या हगवणीच्या केसेस ८५ टक्क्यांनी घटल्या. पाकिस्तानातल्या खेड्यांमध्ये माश्यांवर फवारणी केली तेव्हा पोरांचे जुलाब २३ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास १९९९ चा. घरात रांगतं बाळ असेल तर हे आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

मग स्प्रे मारा की! मारा, पण कुठे? दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये, दारं-खिडक्या लावून, एका माशीसाठी? तेच बाळ, तेच अंथरूण, तोच ओटा. निळी ट्यूबवाली मशीन हॉटेलात ठीक, पण तीही अन्नाच्या थेट वर लावायची नसते. माशी फुटून तिचे कण खाली उडतात. आणि टेनिसच्या रॅकेटसारखं चायनीज यंत्र? माणसाच्या डोळ्याला सेकंदाला साठेक उघडझाप वेगळ्या कळतात, माशीला अडीचशेच्या आसपास. तुमचा फटका तिला स्लो मोशनमध्ये दिसतो. कॅलिफोर्नियातले मायकेल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की फळमाशी फटका येताना बघून उडायची दिशा आधीच ठरवते, पाय त्याप्रमाणे रोवते आणि मग उडते. नेम तिच्यावर नाही, ती जिकडे उडेल तिकडे धरायचा. जमतंय का बघा!

शिवाय आपल्याकडे अशी कितीतरी घरं आहेत, विशेषतः जैन कुटुंबं, जिथे माशी मारायचीच नसते. त्यांना तर नरसाळ्यासारखं दुसरं काही नाही.

आता खरं बोलायचं तर कोल्हापूरला माशी चुकणार नाही. पेठांमधून अजून गोठे आहेत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायचं, दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी बघायला गर्दी करायची, आणि वर माशी नको म्हणायचं? शेण आलं की माशी आली. हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली की काहिलीभोवती माश्या, मधमाश्या, गांधीलमाश्या सगळ्यांचं संमेलन. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना पाणी ओसरल्यावरचे दिवस आठवत असतील. चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं.

उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि एक मादी आयुष्यात पाचशेपर्यंत अंडी घालते. त्यामुळे ओल्या कचऱ्याची बादली आठवडाभर गॅलरीत ठेवून वर खिडकीला नरसाळं लावणार असाल तर राहू दे. ते आलेल्या पाहुणीला वाट दाखवतं, पाहुण्यांची रांग थांबवत नाही.

करायचं कसं?

स्लायडिंगचं काम करणाऱ्याकडे जाळीचे तुकडे पडलेले असतात. मऊ नायलॉन नको, आकार धरत नाही. तारेची कडक जाळी घ्या. साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा, त्याचा अर्धा भाग गुंडाळून नरसाळं करा, कड बारीक तारेने शिवा, टोक छाटा. जाळीच्या वरच्या कोपऱ्यात, चौकटीला अगदी चिकटून भोक पाडा. खाली पाडलंत तर माशी त्याच्या शेजारून वर निघून जाईल. तिथली काच मात्र सरकवून उघडी हवी, नाहीतर माशी नरसाळ्यातून सुटून काचेत अडकेल. काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर बाकीचे पडदे ओढून घ्या. खोलीत ती एकच खिडकी उजळ दिसली पाहिजे. रात्री काही होणार नाही. अंधार पडला की माशी छताला चिकटून झोपते.

आणि डास? हा प्रश्न बरोबर आहे. रक्त पिऊन पहाटे बाहेर निघालेले डासही अशाच नरसाळ्यातून जातात. डासांचा अभ्यास करणारे लोक खिडकीला असेच पिंजरे लावून ते पकडतात. उलट दिशेने येणं अवघड आहे, पण अशक्य नाही. जाळीला मुद्दाम पाडलेलं ते भोकच आहे. म्हणून दिवे लागणीला टोकात कापसाचा बोळा घालायचा, सकाळी काढायचा. आणि बिल्डिंगमध्ये डेंग्यूचे पेशंट निघाले असतील तर नरसाळ्याच्या नादाला लागूच नका, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. भोक बंद करा, आणि माशी आलीच तर पडदे ओढून एका खिडकीच्या वेल्क्रोची फक्त वरची कड दहा मिनिटं सोडा. ती गेली की परत दाबून टाका.