तुरुंगाच्या तटावरून मंत्रालयात

पैनगंगेकाठच्या मेहकरात जुन्या माणसांपुढे नुसते 'बहात्तर' म्हटले, तरी दुष्काळ समजतो. त्याच १९७२ साली राज्याचे पाटबंधारे खाते वसंतदादा पाटलांकडे आले. मंत्रिपदाची ती त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांचे नाव मात्र महाराष्ट्राला त्याआधी २९ वर्षांपासून ठाऊक होते.

२४ जुलै १९४३. बेचाळीसच्या चळवळीत पकडलेले पंचविशीतले वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून खंदकात उड्या टाकून दिवसाढवळ्या पळाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पकडले गेले आणि १९४६ साली सुटले.

लोकांच्या आठवणीत ही उडी राहिली आहे. दादांना घडवले ते त्यानंतरच्या वर्षांनी. १९५२ साली ते आमदार झाले. मंत्री व्हायला आणखी २० वर्षे गेली. त्या काळात त्यांनी काँग्रेसची संघटना बांधली, सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा केला, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी बांधावर बसून ऐकली. ऊस कारखान्यापर्यंत यायचा तर आधी पाणी शेतापर्यंत पोचले पाहिजे, हे त्यांना फायलींतून शिकावे लागले नाही.

पोरवयातच आईवडील गेलेल्या, आजीने वाढवलेल्या दादांचे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरी १९८३ साली मुख्यमंत्री असताना त्यांनीच खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढू दिली. तोवर कितीतरी मराठी मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. शेगावचे गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. मेहकर-लोणारच्या मुलांना इंजिनिअर होण्याची सोय आपल्याच जिल्ह्यात झाली. पुढे या धोरणातून शिक्षणाचा बाजारही वाढला. फीपायी शेत गहाण टाकणाऱ्या बापाला त्याची झळ चांगली ठाऊक आहे, आणि दादांचा गौरव करतानाही ती झाकता येणार नाही.

आज आंदोलनातून पुढे आलेल्या तरुणाला पुढच्याच निवडणुकीत मंत्रिपद हवे असते. त्याने दादांच्या त्या उडीइतकीच मधली २० वर्षेही अभ्यासावीत. धाडसाने माणूस पुढारी होतो. खाते सांभाळायला लोकांत घालवलेली वर्षेच लागतात.